घर सोडू नका

मावशींनी घर परत मागितलं, त्या दिवसापासून अक्काचा जीव थाऱ्यावर नव्हता.

कांदा चिरता चिरता ती मध्येच उठायची, पुढच्या खोलीत जायची आणि इथं कशाला आलो हे विसरून परत यायची. कुठून तरी रिकामी खोकी आणून तिनं जाड पांघरुणं, पुस्तकं, मोठी पातेली भरून टाकली. चार दिवसांनी पाहुणे आले, पातेलं लागलं, तेव्हा सगळं उपसून पुन्हा बाहेर. शेवटी नवरा वैतागला.

"अगं, एक तर बांध, नाहीतर सोड. आपण घरात राहतोय की फलाटावर, तेच कळेना झालंय."

नवरा सोडून सगळे तिला अक्का म्हणत. माहेरी ती थोरली होती, ते नाव तिच्यासोबत सासरी आलं आणि कामावरही पोचलं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती होती. मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवायचा, चिमट्यानं केसभर इकडे, केसभर तिकडे करत ओळ जुळवायची, हे तिचं काम. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठं कोण अडकलं की हातातला घास टाकून पळायचा. मुलगी ठकी तिसरीत होती. आणि घरात होते सासरे, आप्पा.

आप्पांची नजर हळूहळू गेली होती. उजेड आणि सावली, एवढंच आता कळायचं. पण या घरात ते डोळस होते. टेबलाचा कोपरा, खिडकीची कडी, न्हाणीघराची पायरी, सगळं त्यांच्या हातापायांना पाठ होतं. ते चहा करायचे आणि न सांडता आणून द्यायचे. नवख्या माणसाला पत्ताही लागायचा नाही, की कप पुढे करणाऱ्या या गृहस्थांना कप दिसत नाही.

घर तळमजल्याचं, मालकीण म्हणजे मावशी. नात्यानं त्या कुणाच्याच कुणी नव्हत्या. नवरा गेल्यावर मुलाकडे राहायला गेल्या आणि घर त्यांनी यांना भाड्यानं दिलं. भाडं घ्यायला यायच्या हे निमित्त. आल्या की बातम्यांवरून आप्पांशी कडकडून भांडायच्या, ठकीची वेणी घालायच्या, जाताना कुंड्यांना पाणी घालून जायच्या. त्या दिवशी मात्र आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"मला माझं घर हवंय गं."

अक्काला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे कधी?"

"लवकर."

"काही झालंय का मावशी?"

"झालंय आपलं काहीतरी," म्हणाल्या आणि चहाला न थांबता गेल्या.

मग शोधाशोध सुरू झाली. कामावरून सुटलं की अक्का घरं बघत फिरायची. दलालांचे प्रश्न ठरलेले. घरात म्हातारं माणूस आहे का? दिसत नाही म्हणता? एकटे असतात दिवसा? पडलं-झडलं, गॅस उघडा राहिला, तर कोण निस्तरणार? एका मालकानं तर सगळं पसंत पडल्यावर हळूच विचारलं, "त्यांना ठेवायला दुसरं कुणी नाही का?" आप्पा खुर्ची असल्यासारखं. अक्का तिथून निघाली ती दोन थांबे तशीच चालत गेली.

नगरपालिकेत घर जाण्याची वेळ आलेल्यांसाठी एक कक्ष आहे, हे तिला कारखान्यातल्या एकीनं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून ती गेली. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात मुलांसाठी ठेवलेली चाक निघालेली खेळण्यातली गाडी, आणि काचेपलीकडे लांबट चेहऱ्याचा एक अधिकारी. डोळे जागरणानं लाल. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. तेवढ्यावरच अक्काला तो माणूस बरा वाटला.

"घर सोडायला तुम्हाला कुणी सांगितलंय?"

"मालकिणीनं."

"कोर्टानं नाही ना?"

"कोर्ट कशाला? चांगल्या आहेत हो त्या."

"मग घर सोडू नका."

अक्का काचेच्या आणखी जवळ सरकली.

"नीट ऐका," तो म्हणाला. "उद्या तुम्ही स्वतःहून चावी त्यांच्या हातात दिलीत, तर आमच्या लेखी तुम्ही आपखुशीनं घर सोडलंत. मग तुमचा नंबर सगळ्यात मागे. त्यापेक्षा त्यांना कोर्टात जाऊ द्या. निकाल लागू दे, बाहेर काढायची तारीख पडू दे. मग तुम्हाला छप्पर देणं आम्हाला भागच आहे."

"म्हणजे त्यांनी मला सामानासकट बाहेर ओढलं, तरच तुम्ही मदत करणार?"

"नियम मी केलेला नाही, ताई." त्यानं डोळे चोळले. "तुमच्यासारखी भिडस्त माणसंच यात जास्त भरडली जातात, म्हणून आधीच सांगतोय."

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा उजळला. "झालं तर मग! राहू या. सरकारच सांगतंय राहा म्हणून, आणखी काय हवं?"

"आणि ती?" आप्पांनी विचारलं.

"ती कोण?"

"मालकीण. ती कोर्टाच्या पायऱ्या चढणार? गुडघे कुठायत तिला?"

अक्का उठून खोकी एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे सरकवू लागली.

मावशी पुढच्या आठवड्यात आल्या. या वेळी आत आल्या, बसल्या, ठकीला पुढ्यात घेऊन तिचे केस सोडवायला लागल्या. अक्कानं मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. बोलताना ती सगळी विस्कटली.

"मावशी, त्या ऑफिसात म्हणतात घर सोडू नका. सोडलं तर आम्हाला काही मिळणार नाही. म्हणजे... तुम्ही कोर्टात गेलात, तर..."

"कोर्टात?" मावशींचे हात थांबले. "मी? तुझ्यावर?"

"मी नाही म्हणत मावशी, ते म्हणतात."

"तू काय म्हणतेस?"

अक्कानं ठकीची पडलेली रिबीन उचलली. मावशी उठल्या, चप्पल घातली आणि गेल्या. ठकी अर्ध्या घातलेल्या वेणीला हात लावून बसून राहिली. "आई, उरलेली तू घालशील?" असं तिनं विचारलं तेव्हा अक्काच्या लक्षात आलं, की आपण मघापासून उघड्या दाराकडे बघत उभ्या आहोत.

कामावर तिचे हात चालेनात. बसवलेला दात काढायचा, पुन्हा बसवायचा. एके दिवशी मालकानं एक कवळी उचलून उजेडात धरली.

"अक्का, या माणसाचे दोन्ही सुळे डावीकडेच आहेत का?"

सगळे हसले. अक्काही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. मालक घाबरला. "अहो, सुळाच आहे, होतं एखाद्या वेळी," म्हणत त्यानं तिला लवकर घरी पाठवलं.

ती घरी गेली नाही. मावशींच्या मुलाचं घर तिला ठाऊक होतं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. पण आता न बोलता दुसरा दिवस काढणं शक्य नव्हतं.

दार मावशींच्या सुनेनं उघडलं. तिच्या मागे भिंतीवर चौकोनी पांढरे डाग दिसत होते, तसबिरी काढून ठेवल्यासारखे. हॉलमध्ये घडीची खाट, तिच्याखाली मावशींची बॅग, वर त्यांचा चष्मा. आणि सगळीकडे खोकी. अक्काच्या घरी होती तसलीच, फक्त इथली चिकटपट्टीनं नीट बंद केलेली.

"तुम्हीही चाललात?" अक्काच्या तोंडून निघून गेलं.

"आईंनी सांगितलं नाही तुम्हाला?" सुनेला खरंच नवल वाटलं. "ह्यांची नोकरी गेली हो. महिनाअखेरीला हे घर सोडतोय. माझ्या भावाकडे परगावी जातोय, तिथं ह्यांना काम मिळेल म्हणून, एका खोलीत, तेही त्याच्या बायकोला पटलेलं नाही. आईंना कुठं नेऊ? तुम्हीच सांगा."

आतून मावशी आल्या. आधी सुनेवर उखडल्या. "हिला सांगायची काय गरज होती?"

"मला का नाही सांगितलंत मावशी?" अक्का म्हणाली. "एका शब्दानं नाही?"

"सांगून काय झालं असतं? तू दुसऱ्या दिवशी पोरीला आणि म्हाताऱ्याला घेऊन रस्त्यावर उतरली असतीस. ओळखते मी तुला." मावशी खाटेवर बसल्या. "शिवाय पोराची नोकरी गेली हे काय गावभर सांगत फिरायचं?"

सून आत निघून गेली. मावशी चष्मा उचलून पदरानं पुसू लागल्या, पुसतच राहिल्या. अक्का त्यांच्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "उद्या सकाळी तयार राहा. आपण दोघी जायचंय."

दुसऱ्या दिवशी तो लांबट चेहऱ्याचा अधिकारी दोघींना शेजारीशेजारी बसलेल्या पाहून गोंधळला. भाडेकरू आणि मालक त्याच्याकडे नेहमी वेगवेगळ्या दिवशी यायचे, आणि एकमेकांबद्दल तोंडाला येईल ते बोलायचे.

"यांचंही नाव लिहा," अक्का म्हणाली. "यांचं राहतं घर महिनाअखेरीला जातंय."

अधिकाऱ्यानं मावशींना विचारलं, "पण तुमच्या मालकीचं घर आहे ना?"

"आहे की."

"मग तुम्ही बेघर कशा?"

"घरात ही आहे."

"मग यांना..." तो अडखळला.

"काढू बाहेर?" मावशींनी विचारलं.

"नाही, म्हणजे तसं नाही. रीतसर. कोर्टातून."

"साहेब, तुमचं कोर्ट संपेपर्यंत मी उरेन का?"

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. अक्काला मात्र हसू येत नव्हतं. तिचा आवाज कधी चढत नसे. आता तो चढला आणि सगळा कक्ष ऐकू लागला.

"साहेब, आम्हा दोघींपैकी एकीनं रस्त्यावर यायचंच, असा नियम आहे का? तर कुणी यायचं तेवढं सांगा. आम्ही आपसात ठरवून घेतो. भांडण नाही आमचं."

अधिकारी उठला, मागच्या काचेच्या खोलीत गेला. आत एक बाई बसल्या होत्या, त्याच्या वरिष्ठ असाव्यात. बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसते हात दिसत होते. वरिष्ठ बाई नकारार्थी हात हलवत होत्या. हा टेबलावर बोट आपटत होता. एकदा दोघांनी वळून बाहेर पाहिलं, तेव्हा मावशींनी आपोआप पदर सारखा केला.

परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "मालकाला स्वतःला राहायला दुसरं छप्पर नसेल, तर कोर्टाची वाट न बघता भाडेकरूला मदत करता येते. आहे तशी तरतूद. आम्ही सहसा वापरत नाही."

"का?" मावशींनी विचारलं.

"कुणी असं दोघं मिळून येतच नाही."

नवीन घराची अनामत रक्कम कक्ष भरणार होता, नव्या मालकाला हमीही देणार होता, आणि पालिकेच्या भाड्याच्या घरांच्या यादीत अक्काच्या कुटुंबाचं नाव आताच लागणार होतं. पण घर मिळायला वेळ लागणार होता, आणि महिनाअखेर तोंडावर आली होती.

"तोवर या कुठं राहतील?" त्यानं मावशींकडे बोट केलं.

"आमच्याकडे," अक्का म्हणाली. मग तिची तिलाच चूक कळली. "म्हणजे त्यांच्याकडेच."

असं मावशींचं बिऱ्हाड स्वतःच्याच घरात, आतल्या लहान खोलीत, येऊन पडलं. बाकीची चौघं बाहेरच्या खोलीत. अक्काला वाटलं होतं, आता तरी जीव शांत होईल. उलट अस्वस्थपणा दुणावला. मावशी पहाटे उठून भांडी वाजवायच्या. अक्कानं ठेवलेला डबा त्या दुसरीकडे ठेवायच्या, अक्का तो पुन्हा जागेवर ठेवायची, दोघी एकमेकींना काही बोलायच्या नाहीत. "तू घे गं आधी," "नाही, तुम्ही घ्या," असं करत दोघी न्हाणीघराबाहेर ताटकळायच्या आणि मनातून चरफडायच्या. नवरा तर कुणी लिफ्टमध्ये अडकलं की सुटल्यासारखा पळायचा.

एका सकाळी आप्पा टेबलाला धडकून कोलमडता कोलमडता वाचले.

"मालकीणबाई, टेबल हलवलंत?"

"माझंच टेबल आहे."

"टेबल तुमचं, नडगी माझी."

मावशी खजील झाल्या. त्यांनी टेबल मूळ जागी सरकवलं आणि त्यानंतर काहीही हलवण्याआधी मोठ्यांदा पुकारा करायला लागल्या, "अहो, खुर्ची खिडकीकडे नेतेय हं!" आप्पांना त्याचा इतका कंटाळा आला, की त्यापेक्षा धडकलेलं बरं असं ते ठकीच्या कानात सांगायचे.

पहिलं घर दाखवलं ते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. जिना चढून नवरा वर टेकला आणि हसत सुटला. "सगळा जन्म लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या, आणि आपल्या वाट्याला हे!" पण खाली उतरताना तो पायऱ्या मोजत होता. आप्पांना एकदा वर नेलं की ते परत खाली यायचे नाहीत, हे दोघांनाही दिसत होतं. अक्कानं कक्षात फोन केला.

"एकदा नाही म्हणता येतं," अधिकारी म्हणाला. "दुसऱ्यांदा नाही म्हणालात, तर मला फाईल बंद करावी लागेल. मी सांगून ठेवतो फक्त."

"कळलं," ती म्हणाली. फोन ठेवून ती बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालत राहिली. मावशींनी ते मघाशीच घातलं होतं.

दुसरं घर शहराच्या टोकाला, बस आगाराच्या मागे होतं. तळमजला, दोन खोल्या, दोन वर्षांचा करार. अक्का एकटीच बघायला गेली. चावी घेऊन अधिकारी स्वतः आला होता, धापा टाकत. आत ओल होती, एका भिंतीचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता. अक्कानं पर्स खाली ठेवली, डोळे मिटले आणि भिंतीला हात लावून चालायला लागली.

"काय करताय?"

"सासऱ्यांच्या वतीनं बघतेय."

दारापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत ती गेली. ओट्याकडून न्हाणीघराकडे वळताना तिचा पाय एका उंचवट्याला लागला आणि ती पुढे झेपावली. अधिकाऱ्यानं दंड धरून सावरलं. मग त्यानं खाली बसून तो उंचवटा पाहिला; फरशीचा एक तुकडा वर आला होता. त्यानं तिथूनच कुणाला तरी फोन लावला आणि गवंडी उद्याच्या उद्या पाहिजे म्हणून चांगलाच आवाज चढवला. अक्का ओल्या भिंतीकडे बघत उभी होती. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि खरं म्हणजे नाही म्हणावंसं वाटतही नव्हतं. नुसतं थकायला झालं होतं.

"घेतो आम्ही," ती म्हणाली.

टेंपो भरला त्या दिवशी मावशी आतल्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. अक्का चावी द्यायला आत गेली.

"टेबलावर ठेव," मावशी पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"हातात घ्या ना."

"ठेव म्हटलं ना. हातात दिलीस तर घर सोडलंस असं होतं म्हणे." आणि मग त्यांना हसू आलं, पण ते हसू धड निघालं नाही. ठकीनं जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली. बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता.

नव्या घरात आप्पा आंधळे झाले. पहिल्याच आठवड्यात कपाळावर टेंगूळ आलं, हाताला खरचटलं, कप फुटला. मग ते खुर्चीतून उठेनासे झाले. "इथं मला दिसत नाही," एवढंच शांतपणे म्हणाले. तिला आता कामावर जायला दोन बस बदलाव्या लागत. जाताना ती आप्पांच्या हाताशी पाणी ठेवायची, तिथून कारखान्यापर्यंतचा सगळा वेळ ते सांडलं असेल का याचा विचार करायची. मावशींचा फोन रोज यायचा. पाण्याचा कॉक कुठं फिरवायचा, खिडकी घट्ट का होते, असलं काहीतरी विचारायच्या. स्वतःच्या घराबद्दल. अक्काही ओळखून होती. सावकाश, सविस्तर सांगायची.

भिंती हळूहळू आप्पांच्या हाताखाली आल्या. ओट्यापर्यंत जाऊ लागले, मग दारापर्यंत. एका रविवारी दुपारी ते दाराशी काठी घेऊन उभे होते.

"सूनबाई, आत आता कळतं मला. बाहेर काय आहे?"

बाहेर काय आहे हे अक्कालाही नीट सांगता येईना. रोज ती खाली मान घालून बस गाठायला पळायची. तिनं चप्पल घातली, आप्पांनी तिचं कोपर धरलं आणि दोघं निघाली. डावीकडे आगाराची लांब भिंत, तिच्या कडेला झिजलेल्या टायरांचा ढीग. उजवीकडे चाव्या बनवणाऱ्याची टपरी, मग एक झाड, कसलं ते तिला माहीत नव्हतं. आप्पांनी खोडाला हात लावून पाहिला. त्यांनाही कळलं नाही.

"करार दोन वर्षांचा ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग पुन्हा दुसरीकडे पाठ करायचं?"

"बहुतेक. तो अधिकारी म्हणाला, वाढवून मिळू शकतो. नक्की नाही म्हणाला."

आगारातून एक बस वळण घेत बाहेर आली, तिच्या आवाजाच्या दिशेनं आप्पांनी मान वळवली.

"ही कुठली?"

अक्कानं पाटी वाचून सांगितली.

"आणि रस्ता अजून पुढे जातो?"

"जातो की."

"चल मग," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी तिचं कोपर जरा घट्ट धरलं.